खुब्याच्या दुसऱ्या ऑपरेशनमध्ये भरलेलं हाड किती वर्षं टिकतं?

तुमच्या बाबांचा खुबा बदलून १४ वर्षं झाली, आता कमरेच्या हाडात बसवलेली कृत्रिम वाटी सैल झालीय आणि सर्जन हाड भरून नवी बसवायची म्हणतात. ते टिकेल का, असं तुम्ही विचारलंय. मी मिरजेत फिजिओथेरपिस्ट आहे. अशा पेशंटना पुन्हा पायावर उभं करणं हे माझं रोजचं काम. टिकतं, चांगलं टिकतं. पण हाड कसं भरणार, हे सर्जनना आधी विचारा.

वाटीमागे हाड झिजून खड्डा पडलेला असतो. बहुतेक वेळा इतरांच्या खुब्याच्या ऑपरेशनमध्ये निघालेला, दान केलेला मांडीच्या हाडाच्या टोकाचा गोळा घेतात. मुंबईत टाटा मेमोरियलच्या टिश्यू बँकेत असं हाड गॅमा किरणांनी निर्जंतुक करून ठेवतात. त्याचे साधारण सेंटीमीटरभराचे तुकडे खड्ड्यात ठोकून ठोकून घट्ट बसवायचे, कड फुटली असेल तर आधी धातूची जाळी लावायची आणि वर सिमेंटने वाटी. नेदरलँड्समधल्या नायमेखन शहरात स्लूफ या सर्जननी १९७९ मध्ये हे सुरू केलं. तिथल्या दुसऱ्यांदा बसवलेल्या वाट्यांपैकी २० वर्षांनी ७५ टक्के जागेवर होत्या; इन्फेक्शनसारखी इतर कारणं सोडून फक्त सैल होण्याचा हिशेब केला तर ८७ टक्के.

स्क्रूने अख्खा तुकडा लावला तर गोष्ट वेगळी. बारीक तुकड्यांत रक्तवाहिन्या शिरतात, भरलेलं हाड हळूहळू विरघळतं आणि त्या जागी पेशंटचं स्वतःचं तयार होतं. मोठ्या तुकड्यात हे काठाकाठानेच होतं, गाभा निर्जीव राहतो. वाटीचा बराच भार त्याच्यावर आला की सुरुवातीची काही वर्षं छान जातात आणि मग तो दबतो. बॉस्टनचे सर्जन हॅरिस यांच्या पेशंटमध्ये, उथळ खुब्यांसाठी असा तुकडा लावलेल्या जवळपास निम्म्या वाट्या ऑपरेशननंतर १२ वर्षांच्या सुमारास सैल झाल्या होत्या.

हाड रुजेपर्यंतचे पहिले दोन-तीन महिने सर्जन सांगतील तेवढाच भार टाकायचा. तासगावकडच्या एका द्राक्षबागायतदार आजोबांना मी वॉकर धरून वजनकाट्यावर पाय टेकवायला लावायचे, काटा २० किलोच्या पुढे सरकला की "बास!" छाटणीच्या दिवसांत घरी बसणं त्यांच्या जिवावर यायचं, पण सूनबाई खमक्या होत्या.

ऑपरेशनआधी ईएसआर, सीआरपी (इन्फेक्शनचा अंदाज देणाऱ्या रक्ताच्या तपासण्या) आणि गरज वाटल्यास सांध्यातलं पाणी काढून तपासणी झालीच पाहिजे. आत जंतू असतील तर आधी त्यांचा बंदोबस्त, मग हाड. नंतर दुखत नसलं तरी सर्जन सांगतील तेव्हा एक्स-रे काढत राहा. सैलपणा बरेचदा दुखण्याआधी फिल्मवर दिसतो, म्हणून जुन्या सगळ्या फिल्म सोबत न्या, पहिल्या ऑपरेशनच्यासुद्धा.