ओढण्या नेमक्या किती छापल्या?

पुण्याच्या एका वाचक ताईंची नक्षी एका ब्रँडने जशीच्या तशी कुर्त्यांवर उतरवली. ताईंनी दोन्ही फोटो शेजारी-शेजारी लावून इन्स्टाग्रामवर ‘चोर’ लिहिलं. आता ब्रँडनेच बदनामीची नोटीस धाडली आहे. अशी पत्रं वरचेवर येतात आणि बहुतेकांत एकच आकडा गाळलेला असतो.

ताई, स्क्रीन प्रिंटच्या ओढण्या दिवाळीत ‘खूप गेल्या’ असं तुम्ही लिहिता. खूप म्हणजे किती? कॉपीराइट कायदा, 1957 चं कलम 15(2) त्यावरच उभं आहे. डिझाइन म्हणून नोंदवता येण्याजोगी नक्षी नोंदवली नाही आणि मालकाने तिच्या वस्तू औद्योगिक पद्धतीने 50 हून जास्त काढल्या, की तिच्यावरचा कॉपीराइट संपतो. रितिका विरुद्ध बिबा या दोन कपडे कंपन्यांच्या खटल्यात 2016 साली दिल्ली उच्च न्यायालयात रितिकाचा दावा याच कलमावर बुडाला. आता नोंदणी करू म्हणाल, तर डिझाइन कायदा, 2000 ला आधीच प्रसिद्ध झालेली नक्षी चालत नाही, आणि तुम्ही ती वर्षभर इन्स्टाग्रामवर मिरवलीत. आधी अर्ज, मग फोटो, एवढा क्रम पाळायला काय झालं होतं?

हातठशांचं काम असतं तर ‘औद्योगिक पद्धत’ कशाला म्हणायचं यावर भांडता आलं असतं. स्क्रीन प्रिंटला ते कठीण दिसतं.

चव्हाट्यावर मांडण्यात ताकद आहे, हे मान्य. दिल्लीच्या पीपल ट्री या डिझाइन स्टुडिओने 2018 मध्ये डिऑर या फ्रेंच फॅशन ब्रँडच्या ड्रेसवरची आपली नक्षी अशीच जगाला दाखवली आणि प्रकरण कोर्टाबाहेर मिटलं. पण ‘चोर’ हा आरोप आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 खाली नुसतं खरं असून भागत नाही, ते लोकहितासाठी होतं हेही दाखवावं लागतं. स्क्रीनशॉट जपून ठेवा, तो शब्द काढा. फोटो आणि तारखा राहू द्या, वाचणाऱ्यांना डोळे आहेत. ‘कोर्टात खेचू’ असंही लिहू नका. हक्कच उरला नसेल, तर पोकळ धमकीबद्दल कॉपीराइट कायद्याच्या कलम 60 खाली उलट तेच तुमच्यावर दावा लावतील.

नोटिशीला उत्तर देण्याआधी छपाईवाल्याची बिलं घेऊन वकिलाकडे जा. आकडा 50 च्या आत असेल तर मनाई हुकूम याच आठवड्यात मागा; आपल्या कोर्टांच्या चालीने तो सीझन सरल्यावरही मिळू शकतो. वर असेल तर उत्तर दोन ओळींचं, सौम्य, आणि दाव्याची भाषा न करता.