बँडसॉच्या (दोन चाकांवर फिरणाऱ्या दातेरी पट्टीने लाकूड कापणाऱ्या मशीनच्या) पट्टीला केसाएवढा तडा गेला आहे आणि टकटक आवाज येतो. काही दिवस तशीच वापरली तर चालेल का?

नाही, ती पट्टी आजच उतरवा. दर फेरीत पट्टी दोन्ही चाकांवर वाकते आणि सरळ होते, तेही मिनिटाला शेकडो वेळा. प्रत्येक वाकण्याबरोबर तडा थोडा पुढे सरकतो. अशी पट्टी मशीन चालू असताना तुटलीच, तर बटण बंद करून मागे व्हा आणि चाकं पूर्ण थांबेपर्यंत कव्हर उघडू नका.

आता प्लग काढून पट्टी पूर्ण तपासा. निव्वळ टकटक आवाज पट्टीची दोन टोकं जिथे जोडलेली असतात तो जोड नीट घासलेला नसला तरी येतो, पण तुम्हाला तडा दिसलाच आहे. तो कुठून सुरू झालाय हे बघणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण कारण न शोधता नवी पट्टी चढवली तर तिचीही तीच गत होते. तडा पाठीच्या, म्हणजे दाते नसलेल्या कडेकडून आला असेल तर आधी पट्टीला मागून आधार देणारं बेअरिंग बघा. मशीन रिकामं फिरताना पट्टी त्याला टेकता कामा नये. जाड कागदाएवढी फट हवी. सतत घासून पाठीची कड कडक होते आणि तडकते. तडा दोन दातांमधल्या खाचेतून निघाला असेल तर बोथट पट्टीवर लाकूड जोराने रेटणं, पट्टीला जास्त टेन्शन (ताण) किंवा लहान चाकावर जाड पट्टी, यांपैकी काहीतरी असतं. ३०० मिमीच्या चाकावर ०.९ मिमी जाडीची पट्टी फार टिकत नाही.

दुरुस्ती? एकच तडा असेल आणि दाते धारदार असतील, तर तेवढा भाग कापून, टोकं तिरपी घासून चांदीच्या डाकाने (चांदीमिश्रित धातू वितळवून) जोडता येते. मात्र पट्टी आखूड होते, तेव्हा टेन्शनच्या स्क्रूला तेवढी जागा आहे का ते आधी मोजा. दोन-तीन ठिकाणी तडे दिसले तर पट्टी थकली आहे, जोडण्यात अर्थ नाही. मुरड पडलेल्या पट्टीचंही तेच: ठोकून सरळ दिसते, पण पुढे तिथेच तुटते.

एखादा दात गेला असेल तर एवढी घाई नको. त्याच्या बुडाशी तडा नसेल आणि लाकडात एका वेळी किमान तीन दाते राहत असतील, तर हलक्या हाताने काम चालतं.

हातमोजे फक्त पट्टी काढता-घालताना घाला, मशीन चालू असताना अजिबात नको. आणि काम संपलं की टेन्शन सैल करून ठेवा.