पीडीएफ आहे का कुणाकडे?

या महिन्यात एकाच विषयावरची तीन पत्रं आली, म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेते.

प्रश्न : ताई नमस्कार. मी निवृत्त प्राथमिक शिक्षक, सोलापूर जिल्ह्यात तालुक्याच्या गावी राहतो. आमच्याकडे पुस्तकाचं दुकान म्हणजे वह्या, गाईड आणि अपेक्षित. लॉकडाऊनमध्ये एका मित्राने वाचनाच्या व्हॉट्सॲप ग्रुपात घेतलं, तेव्हापासून तीनचारशे मराठी पुस्तकांच्या पीडीएफ जमल्यात, मी त्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर टाकतो, पोरं वाचतात, त्यावर बोलतात. परवा पुण्याची पुतणी म्हणाली, काका हा गुन्हा आहे. मी एक रुपया घेत नाही. पूर्वी पण एक पुस्तक दहा घरं फिरायचंच की. मग मी चोर कसा?

उत्तर : गुरुजी, तुम्हाला चोर म्हणायला माझी जीभ रेटणार नाही. ज्या गावात अपेक्षितशिवाय काही मिळत नाही तिथे तुम्ही पोरांना कादंबरी वाचायला लावताय, हे साधं काम नाही. पण पुतणी खरं सांगतीये. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ मध्ये जाणूनबुजून असं केलं तर ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड आहे. धंदा म्हणून केलं नसेल तर कोर्ट शिक्षा कमी करू शकतं, पण गुन्हा तो गुन्हाच राहतो.

आता ते दहा घरांचं. ते पुस्तक कुणीतरी विकत घेतलेलं असायचं आणि ते शेजारी गेलं की तुमच्याकडे नसायचं, परत मागायला जावं लागायचं. पीडीएफ तुमच्याकडेही राहते आणि ग्रुपातल्या प्रत्येकाकडेही जाते. व्हॉट्सॲपच्या एका ग्रुपात आता १०२४ माणसं मावतात, आणि मराठी पुस्तकाची आवृत्ती साधारण १००० प्रतींची असते, नव्या लेखकाची तर ५०० चीही काढतात. म्हणजे तुम्ही एकदा बोट दाबलं की अख्खी आवृत्ती वाटून होते, जी विकायला प्रकाशकाला दोनतीन वर्षं लागली असती.

पैशाचं पण सांगते, कारण लोकांना वाटतं लेखक मालामाल असतो. ३०० रुपयांचं पुस्तक धरा. त्यातले शंभर, सव्वाशे विक्रेता आणि वितरक यांच्या कमिशनमध्ये जातात, उरलेल्यात कागद, छपाई, बाइंडिंग, मुखपृष्ठ, डीटीपी, प्रुफं, गोडाऊन आणि लेखकाला दहा टक्के मानधन, म्हणजे प्रतीमागे ३० रुपये. सगळीच्या सगळी आवृत्ती संपली तर ३० हजार, आणि त्यासाठी माणसाने नोकरी सांभाळून चारचार वर्षं घातलेली असतात.

पीडीएफ वाचणाऱ्या प्रत्येकाने पुस्तक विकत घेतलंच असतं असं मी म्हणत नाही, बहुतेकांनी नसतंच घेतलं. पण हजारात पन्नासांनी घेतलं असतं तरी मराठीत त्याने फरक पडतो. मी एका छोट्या प्रकाशनात वीस वर्षं संपादनाचं काम करते, लेखकाचं दुसरं हस्तलिखित टेबलावर येतं तेव्हा पहिला प्रश्न असतो "आधीच्याच्या किती गेल्या?" उत्तर साडेतीनशे आलं की ते हस्तलिखित कितीही चांगलं असो, कपाटात जातं. अशी दोन हस्तलिखितं मला आजही आठवतात, त्या दोघांनी नंतर लिहिणंच सोडलं. मोठ्या नावांचं पीडीएफने फारसं बिघडत नाही, मार बसतो तो अशांना.

प्रकाशकांचीही चूक आहे आणि ती मी लपवणार नाही. ई-बुक काढलं की कॉपी होईल या भीतीने कित्येकांनी ते काढलंच नाही, आणि फिरणाऱ्या पीडीएफ बघा, त्यातल्या बहुतेक छापील पुस्तकाच्या स्कॅन असतात. मी केलेल्या एका अनुवादाची पीडीएफ मलाच कुणीतरी "छान आहे, वाचा" म्हणून पाठवली, पहिल्या पानावर एका वाचनालयाचा शिक्का आणि मध्ये कडेला स्कॅन करणाऱ्याचा अंगठा. दुसरी अडचण खरीच आहे. जुनी पुस्तकं पेजमेकर या पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये लावलेली आहेत, ती युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मोबाईलवर दिसणाऱ्या अक्षरांत, आणली की जोडाक्षरं फुटतात आणि सगळी प्रुफं पुन्हा वाचावी लागतात, त्याचा खर्च कुणी करायला तयार नसतं. तरी ॲमेझॉनच्या किंडलवर २०१६ पासून मराठी वाचता येतंय आणि बुकगंगा या साइटवर हजारो मराठी ई-बुक्स आहेत, छापीलपेक्षा बरीचशी स्वस्त, आणि ती तुमच्या गावातही मिळतात.

मग ग्रुपवर टाकायचं काय? लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, मृत्यूच्या पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून मोजून. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांचं लेखन २०११ पासून सगळ्यांना मोकळं आहे. लक्ष्मीबाई टिळक, गडकरी, हरिभाऊ आपटे, केशवसुत, महात्मा फुले, हे सगळे बिनधास्त पाठवा, फक्त नव्या आवृत्तीतली प्रस्तावना, टिपा, चित्रं यांचा हक्क वेगळा असू शकतो. खांडेकर मात्र २०३६ अखेरपर्यंत नाही, अत्रे २०२९ पर्यंत नाही आणि पुलं २०६० पर्यंत नाही. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची कितीतरी पुस्तकं त्यांच्या साइटवर फुकट आहेत, मराठी विश्वकोश आहे, हक्कमुक्त पुस्तकांचं विकिस्रोत आहे, आणि ई साहित्य प्रतिष्ठान तर लेखकाची परवानगी घेऊनच फुकट ई-बुक्स देतं. एवढ्यावर तुमचा ग्रुप काही वर्षं सहज चालेल. आणि तालुक्याचं वाचनालय असेलच, तिथे पोरांकडून हव्या त्या पुस्तकांची यादी लिहून द्या, विकत घेतलेली ती एक प्रत पाचपन्नास जण वाचतील आणि तिचे पैसे लेखकापर्यंत पोचतील.

प्रश्न : माझा पहिला कथासंग्रह मागच्या वर्षी आला. परवा एका टेलिग्राम चॅनलवर तो सापडला, शेकडो लोकांनी बघितलेला. प्रकाशक म्हणतात सोडून दे, प्रसिद्धी होतेय. मी कॉपीराइट रजिस्टर पण केलेला नाही. काही करता येईल का?

उत्तर : सोडू नकोस ग. नोंदणी सक्तीची नाही, तू लिहिलंस तेव्हाच हक्क तयार झाला. आधी स्क्रीनशॉट काढ, चॅनलचं नाव, लिंक, तारीख दिसेल असे, आणि मग टेलिग्रामला लेखी तक्रार पाठव. २०१३ च्या कॉपीराइट नियमांप्रमाणे नीट तक्रार मिळाल्यावर ३६ तासांत मजकूर बंद करणं अपेक्षित आहे, पण तो २१ दिवसच, पुढे कोर्टाचा आदेश लागतो. तेव्हा तुझा करार काढून हक्क कुणाकडे आहेत ते बघ आणि प्रकाशकालाही पत्र लिहायला लाव, ते त्यांचंही काम आहे.

चॅनलवाला कोण ते कळतच नाही असं सगळे म्हणतात, पण स्पर्धा परीक्षांची पुस्तकं लिहिणाऱ्या नीतू सिंग दिल्ली हायकोर्टात गेल्या आणि ऑगस्ट २०२२ मध्ये कोर्टाने टेलिग्रामला चॅनल चालवणाऱ्यांचे फोन नंबर आणि आयपी पत्ते द्यायला सांगितलं. आमचे सर्व्हर सिंगापूरला आहेत वगैरे म्हणणं कोर्टाने ऐकलं नाही. प्रत्येकीला दिल्ली गाठणं जमणार नाही हे मला कळतं, पण तक्रार करून एक फाइल जरी तिथून काढली गेली तरी ती शेकडो ठिकाणी पुढे जायची थांबते. आणि प्रसिद्धीचं म्हणशील तर एखादी कथा तू स्वतःच फुकट दे, कुठली द्यायची आणि कुठे ते तू ठरव.

प्रश्न : ताई, माझे बाबा पूर्ण अंध आहेत. मी पुस्तकं विकत आणून पानं स्कॅन करते आणि मोबाईल ती वाचून दाखवतो. हे पण बेकायदा का?

उत्तर : नाही, अजिबात नाही. २०१२ च्या दुरुस्तीने कायद्यात हे स्पष्ट घातलंय, अपंग व्यक्तीला वाचता येईल अशी प्रत करता येते आणि ती दुसऱ्या अंध वाचकाला देताही येते. अंध वाचकांसाठीच्या मराकेश कराराला २०१४ मध्ये सगळ्यात आधी मान्यता दिली ती आपल्या देशाने. सुगम्य पुस्तकालय या ऑनलाइन लायब्ररीत बाबांचं नाव नोंदव. स्कॅनमध्ये जोडाक्षरं चुकतात आणि बाबा वैतागतात असं पुढे लिहिलंयस, तर त्यांना हव्या असलेल्या कादंबऱ्यांची नावं मला कळव. त्या प्रकाशकांकडे मजकुराची युनिकोड फाइल असेल तर मी स्वतः मागून बघते.