स्टुटगार्टला निघण्यापूर्वी: ऐरोलीहून आलेल्या प्रश्नांना उत्तर

सप्रेम नमस्कार,

आपण पती-पत्नी नोव्हेंबरमध्ये ऐरोलीहून जर्मनीतील स्टुटगार्टला येत आहात, दोघेही शाकाहारी आहात, आणि सोबत काय आणावे, जेवणाचे कसे होईल व रुळायला काय जड जाते, असे आपण विचारले आहे. मी मूळची ठाण्याची, नौपाड्यातली. आता नोकरीनिमित्त येथेच स्थायिक आहे. माझे मत आधीच सांगते: तयार खाद्यपदार्थ कमी आणा, मसाले आणि भांडी आणा, आणि निघेपर्यंतच्या काळात दोघांनीही एक वेळचा संपूर्ण स्वयंपाक कुणाच्या मदतीशिवाय करण्याची सवय लावून घ्या. येथे पोळी-भाजी केंद्र नाही, डबेवाली मावशी नाही, आणि रोज बाहेर जेवणे नव्या नोकरदाराच्या खिशाला झेपत नाही.

सामान भरण्यापूर्वी एक नियम नीट समजून घ्यावा. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला सामानातून मांस व दुग्धजन्य पदार्थ आणता येत नाहीत, म्हणजे आईने कढवलेले तूप, पेढे, बर्फी, खवा हे सगळे घरीच ठेवावे लागते. ताजी फळे, भाज्या आणि पाने यांना वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते. त्यातून अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन एवढीच फळे सुटतात. हापूस त्यांत नाही, ताजा कढीपत्ताही नाही. लोणचे चालते, पण तेलाची बरणी हातातल्या बॅगेत द्रवपदार्थ ठरते, म्हणून ती घट्ट बांधून मोठ्या बॅगेतच ठेवावी. गोडा मसाला, काळा मसाला, आमसुले, हिंग आणि मेतकूट मात्र भरपूर आणावे. वाशीच्या मसाला मार्केटमधून साबूत मसाले घेऊन घरीच भाजून-दळून आणलेत तर उत्तम, कारण येथील भारतीय दुकानांत उत्तरेकडचे मसाले मुबलक असतात, पण गोडा मसाला क्वचितच दिसतो.

भांड्यांविषयी थोडे विस्ताराने लिहिते, कारण याचा विचार फारसा कुणी करत नाही. येथे गॅसची शेगडी क्वचितच आढळते. बहुतेक घरांत काचेचा सपाट विद्युत पृष्ठभाग असतो आणि नव्या घरांत तो इंडक्शनचा असतो, ज्यावर साधा अ‍ॅल्युमिनियमचा कुकर तापतच नाही. म्हणून इंडक्शनवर चालणारा स्टीलचा कुकर आणि सपाट बुडाचा तवा आणावा. फुलका आचेवर फुगवण्याची सोय नसल्याने तो तव्यावरच कापडाने हलके दाबून फुगवण्याची सवय ऐरोलीतच करून घ्यावी. वीज आपल्यासारखीच २३० व्होल्टची असल्याने मिक्सर व्यवस्थित चालतो. फक्त आपली तीन पिनांची प्लग येथे बसत नाही, त्यासाठी अ‍ॅडॉप्टर लागतो. भाड्याची अनेक घरे ओट्याशिवाय, अगदी सिंकशिवायही मिळतात, तेव्हा घर ठरवताना स्वयंपाकघर आहे का, हा प्रश्न स्पष्टपणे विचारावा.

आता येथे काय मिळते ते सांगते, म्हणजे आईंची काळजी कमी होईल. दूध, दही, लोणी उत्तम आहे. बिनमिठाचे लोणी कढवले की घरचे तूप होते. क्वार्क नावाचा पदार्थ प्रत्येक दुकानात असतो, आणि त्यातील जास्त स्निग्धांशाचा प्रकार घेऊन पाणी निथळू दिले तर चक्क्याच्या जागी सहज चालतो. आमच्याकडे दसऱ्याचे श्रीखंड त्याचेच होते. पिठाच्या पाकिटावर ४०५, ५५०, १०५० असे आकडे असतात. आकडा जितका मोठा तितका कोंड्याचा अंश अधिक. ४०५ म्हणजे जवळजवळ आपला मैदा, त्यामुळे त्याच्या पोळ्या चिवट होतात. पोळ्यांसाठी भारतीय दुकानातील आटाच घ्यावा. तूरडाळ, मूगडाळ, पोहे, साबुदाणाही तेथेच मिळतात. भेंडी, कोथिंबीर, हिरव्या मिरच्या यांसाठी तुर्की दुकान स्वस्त आणि ताजे. कोथिंबिरीच्या शेजारी हुबेहूब तशीच दिसणारी पार्सली ठेवलेली असते, तेव्हा वास घेऊनच जुडी उचलावी.

बाहेर खाताना शाकाहाराची व्याख्या जपून लावावी लागते. या भागातील श्पेट्झले, म्हणजे नूडल्ससारखे पिठाचे तुकडे, अंड्याचे असतात, मसूर-श्पेट्झलेबरोबर सॉसेज येते आणि मसुरातही बऱ्याचदा डुकराचे मांस शिजवलेले असते. काही बेकऱ्या ब्रेत्सेलमध्येही, म्हणजे गाठीच्या आकाराच्या पावातही, चरबी घालतात. चीजमध्ये प्राण्यांपासून मिळवलेले, दूध साकळवणारे रेनेट आणि गोड पदार्थांत जिलेटिन असू शकते. विचारले तर लोक नीट सांगतात, त्यात संकोच करू नये. पाकिटावर शाकाहाराची खूण असेल तर प्रश्नच मिटतो. कार्यालयात दुपारचे जेवण बाराच्या सुमारासच उरकतात. डबा नेल्यास कुणाला वावगे वाटत नाही, पण लसणीची फोडणी बंद मायक्रोवेव्हमध्ये तापवण्याआधी सहकाऱ्यांचा थोडा विचार करावा.

रविवारी दुकाने बंद असतात, आणि स्टेशनवरची मोजकी दुकाने व सकाळच्या काही तासांपुरत्या बेकऱ्या सोडल्या तर काही मिळत नाही. ठाण्यातल्या जांभळी नाक्याच्या रविवारच्या गर्दीत वाढलेल्या माणसाला ही शांतता सुरुवातीला अंगावर येते. रात्री दहानंतर मिक्सर लावू नये. इमारतीचा जिना आठवड्याच्या पाळीने भाडेकरूंनी झाडण्याची प्रथा या भागात अजून आहे. आपल्या दारावर या पाळीची पाटी लटकली की पाळी आपली, आणि शेजाऱ्यांशी पहिली ओळख बहुधा या जिन्यावरच होते. फोडणीची वाफ कोंडली की हिवाळ्यात भिंतींना बुरशी धरते, म्हणून कडाक्याच्या थंडीतही रोज काही मिनिटे खिडक्या सताड उघडाव्यात. घरमालक याबाबत फार काटेकोर असतात, आणि अनामत रक्कम मूळ भाड्याच्या तिप्पटीपर्यंत असते.

जेवणापेक्षा जड जातो तो अंधार. आपण नेमके नोव्हेंबरमध्ये येत आहात. डिसेंबरात येथे साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. हिवाळ्यात भारताशी साडेचार तासांचे अंतर असते, म्हणजे आपण सहाला घरी पोहोचाल तेव्हा ऐरोलीत साडेदहा वाजलेले असतील. म्हणून घरच्यांशी बोलण्याची वेळ सकाळी कामावर निघण्यापूर्वीची किंवा शनिवार-रविवारची ठरवावी आणि दुपारचा फेरफटका चुकवू नये. जर्मनचे वर्ग मात्र आजच सुरू करावेत. कार्यालयात इंग्रजी चालते, पण डॉक्टरकडे आणि नगर कार्यालयात ते पुरत नाही.

घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत पत्त्याची नोंदणी करावी लागते आणि त्यासाठी घरमालकाचा लेखी दाखला लागतो. तात्पुरत्या निवासात उतरणार असाल तर असा दाखला मिळेल का, हे आरक्षणाआधीच विचारून घ्यावे, कारण कराचा क्रमांक या नोंदणीनंतरच टपालाने येतो. जाड कोट ठाण्यातून विकत आणू नका. येथील थंडीला पुरेल असा कोट येथेच घ्यावा आणि तेवढ्या जागेत कुकर बसवावा.