गो या प्रोग्रॅमिंग भाषेत एररला स्टॅक ट्रेस जोडावा, की नुसतं रॅप केलेलं पुरे?

तुमचा प्रश्न असा आहे: प्रत्येक फंक्शनमध्ये एफएमटी डॉट एररएफ लिहून एरर रॅप करायचा, म्हणजे त्याला आपली माहिती चिकटवून वर पाठवायचा कंटाळा येतो, तर एकदाच स्टॅक ट्रेस, म्हणजे कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं त्याची ओळ नंबरांसह यादी, टिपणारी लायब्ररी लावून मोकळं होता येईल का? नाही. कंटाळा आला तरी रॅप करा. ट्रेस हवाच असेल तर तो रॅपच्या सोबत घ्या, त्याच्या जागी घेऊ नका.

इतकं ठामपणे सांगते, कारण याच मुद्द्यावर कोड रिव्ह्यूमध्ये माझं म्हणणं खोडून काढलं होतं आणि ते मला अजून टोचतं.

तेव्हा मी पुण्यात पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एका कंपनीत होते. आमचे आर्किटेक्ट सर जावातून आलेले. जावात एक्सेप्शनला ट्रेस आपोआप मिळतो, मग गो मध्ये का नको, असा त्यांचा आग्रह. त्यांनी डेव्ह चेनी यांची एरर्स लायब्ररी सगळ्या कोडमध्ये लावली आणि नियम केला: एरर जसा येईल तसा वर पाठवायचा, सगळ्यात वर %+व्ही ने, म्हणजे ट्रेससकट छापायचा, मध्ये कोणी काही चिकटवायचं नाही. खरं तर त्या लायब्ररीत रॅप हे फंक्शन ट्रेससोबत मेसेजही घेतं. ते अर्धं सरांनी सोडूनच दिलं. माझ्या पीआरमध्ये, म्हणजे तपासायला दिलेल्या कोडबदलात, खाते क्रमांक, योजना आणि तारीख घालून एरर रॅप केलेले होते. सर म्हणाले, "ओळ नंबर मिळतोय ना ट्रेसमध्ये? मग हा पसारा कशाला?" मी म्हणाले, ओळ नंबरवरून खातं कळत नाही. "डीबगर कशाला आहे मग?" असं म्हणून त्यांनी ते सगळं काढायला लावलं.

मग मार्चअखेर आली. एका पतसंस्थेची मुदत ठेवींवर व्याज टाकायची बॅच रात्री मध्येच थांबली. तिकडचे व्यवस्थापक ऑफिसात बसून, ताळेबंदाचे आकडे अडलेले, आणि दर थोड्या वेळाने त्यांचा फोन. लॉगमध्ये एवढंच: "रेट नॉट फाउंड". खाली ट्रेस. तो ट्रेस वाचून आमच्या टीममधली मंडळी चक्रावली, कारण त्यात बॅचचं एकही फंक्शन नव्हतं. रिपॉझिटरी पॅकेजचं इनिट, मग रनटाइमचं डूइनिट, रनटाइमचं मेन, शेवटी गोएक्झिट. बस्स.

याचं कारण सरळ आहे. तो एरर पॅकेजच्या वरच्या पातळीवर व्हेरिएबल म्हणून एकदाच बनवलेला होता, म्हणजे कोणालाही तुलना करता यावी. ती लायब्ररी न्यू म्हटल्याक्षणी ट्रेस टिपते, आणि पॅकेज व्हेरिएबल बनतं प्रोग्रॅम सुरू होताना. म्हणजे आम्ही रात्रभर वाचत होतो तो प्रोग्रॅम कसा सुरू झाला याचा ट्रेस. व्याज कुठे अडलं याचा त्यात मागमूस नव्हता. (जावावाल्यांनी हसू नये. तिथेही ट्रेस एक्सेप्शनच्या कन्स्ट्रक्टरमध्ये भरला जातो, थ्रो करताना नाही. एकच स्टॅटिक एक्सेप्शन पुन्हा पुन्हा फेकलं तर हाच घोळ होतो.)

"मग फंक्शनच्या आत विथस्टॅक लावायचं होतं," असं सर नंतर म्हणाले, म्हणजे त्या लायब्ररीचं त्या जागी ट्रेस टिपणारं फंक्शन. लावलं असतं तरी काय दिसलं असतं? खाती वर्कर गोरूटीनमध्ये, म्हणजे गो मधल्या एकाच वेळी चालणाऱ्या कामांमध्ये, वाटलेली होती. गोरूटीनचा स्टॅक त्या गोरूटीनपुरताच असतो, काम कोणी दिलं ते त्यात येत नाही. वर्करचं फंक्शन, दर वाचणारं फंक्शन, गोएक्झिट, एवढंच. आणि हजारो खात्यांपैकी कोणत्याही खात्याला तो ट्रेस अक्षरशः तसाच आला असता. पाकीट कोणत्या पोस्टातून फिरलं त्याचे शिक्के सगळे, पत्ता मात्र कोरा.

शेवटी मी रद्द झालेल्या ब्रँचवरचे माझे रॅप परत घातले, डेटाबेसच्या कॉपीवर बॅच चालवली आणि लॉगमध्ये एक ओळ आली: "मार्चअखेर व्याज: खाते अमुक: योजना तमुक, ठेव दिनांक अमुक, दर वाचताना: रेट नॉट फाउंड". ठेव दिनांक बघितल्यावर ट्रेसची गरजच उरली नाही. ती ठेव योजना बंद व्हायच्या शेवटच्या दिवशी ठेवलेली होती, आणि क्वेरीत शेवटच्या तारखेला "पेक्षा कमी" होतं, "पेक्षा कमी किंवा समान" हवं होतं. एका चिन्हाचा प्रश्न. व्यवस्थापकांना आकडे मिळाले. नियम मात्र बदलला नाही. "लॉग फार लांब होतात," एवढंच उत्तर मिळालं.

म्हणून तुमच्या टीममध्ये कोणी "ट्रेस आहे ना" म्हणालं, तर त्यांच्यासमोर एक लूप ठेवा, त्यात एक खराब नोंद टाका आणि फक्त ट्रेसवरून ती नोंद शोधून दाखवा म्हणा. वाद तिथेच संपतो. ट्रेस कोड सांगतो, डेटा सांगत नाही. आणि प्रॉडक्शनमध्ये रात्री बिघडतं ते बहुतेक वेळा एखाद्या विशिष्ट डेटावरच.

रॅप कसं करायचं ते तुम्हाला माहीत असणारच. गो १.१३ पासून, म्हणजे २०१९ पासून, एररएफ मध्ये आतला एरर जपणारं %डब्ल्यू आहे, सोबत तो आतला एरर ओळखायला एरर्स डॉट इज आणि ॲज आहेत, १.२० मध्ये अनेक एरर एकत्र करणारं जॉइनही आलं. १.१३ च्या तयारीत स्टँडर्ड लायब्ररीतच कॉलरची फ्रेम, म्हणजे ट्रेसमधली एक ओळ, टिपायचा प्रस्ताव होता, तो शेवटी वगळला गेला. चेनी यांची लायब्ररी २०२१ मध्ये अर्काइव्ह झाली, नव्या प्रोजेक्टमध्ये ती आणू नका. मेसेजमध्ये "फेल्ड टू" लिहू नका, चार थर झाले की ओळभर "फेल्ड टू"च दिसतं. काय करत होतात आणि कशावर, एवढंच लिहा.

आता कंटाळ्याबद्दल. सगळीकडे रॅप करायलाच हवं असं नाही. त्याच पॅकेजमधलं छोटं हेल्पर फंक्शन असेल आणि त्याच्याकडे सांगण्यासारखं नवीन काही नसेल, तर एरर तसाच परत द्या. ज्या फंक्शनला खाते क्रमांक, फाइलचं नाव किंवा तारीख माहीत आहे आणि त्याला बोलावणाऱ्याला ती माहीत नाही, तिथे रॅप चुकवू नका. ट्रेसचाही उपयोग आहे: पॅनिक झाल्यावर, म्हणजे प्रोग्रॅम अचानक कोसळल्यावर, किंवा एकच फंक्शन अनेक वाटांनी बोलावलं जात असेल तेव्हा. तो हद्दीवर एकदाच घ्या, म्हणजे बाहेरच्या लायब्ररीकडून किंवा डेटाबेसकडून एरर हातात येतो तिथे. दुसऱ्यांनी वापरायची लायब्ररी लिहीत असाल तर मात्र ट्रेस जोडू नका, तो निर्णय वापरणाऱ्याचा.

अजून तीन गोष्टी. जुन्या कोडमध्ये एररची तुलना दोन बरोबरच्या चिन्हांनी केलेली असेल, तर रॅप केल्यावर ती गुपचूप चुकते, आधी ती सगळी एरर्स डॉट इज वर आणा. %डब्ल्यू ने रॅप केलं की आतला एरर तुमच्या एपीआयचा भाग होतो, तो लपवायचा असेल तर %व्ही वापरा. आणि खाते क्रमांक ठीक, पण सभासदाचं नाव, मोबाइल किंवा आधार क्रमांक एररमध्ये घालू नका. लॉग किती जणांच्या हातात जातो ते आपल्याला कळत नाही.