निर्णय मुलाचा असू दे

जळगाव

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

यावल तालुक्यातील माध्यमिक शाळेत कलाशिक्षक म्हणून रुजू झाल्याचे तुझे पत्र मिळाले आणि मनापासून आनंद झाला. आठवी ते दहावीच्या मुलांना आठवड्याच्या दोन तासिकांत नेमके काय द्यावे, असे तू विचारले आहेस. अभ्यासक्रम तुझ्याजवळ आहे आणि पाठाचे टाचण कसे काढावे हे तुला शिकवलेले आहे, म्हणून त्याविषयी मी लिहीत नाही. मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती एकच गोष्ट लिहितो. तासिका संपेपर्यंत वर्गातील प्रत्येक मुलाने आपल्या चित्राविषयी निदान एक निर्णय स्वतः पाहून, स्वतः विचार करून घेतलेला असला पाहिजे. वस्तू कागदावर किती मोठी घ्यायची, पहिली रेघ कोठून सुरू करायची, कोणता रंग वापरायचाच नाही, निर्णय कोणताही असो. तो फळ्यावरून किंवा तुझ्या तोंडून आलेला नसावा. पुढे जे लिहितो ते सारे याच्याच अनुषंगाने आहे.

आठवीच्या सुमारास मुलाचे चित्राशी असलेले नाते बदलते. तोपर्यंत ते निःशंकपणे कागद भरत असते. आता त्याला आपल्या चित्रातील उणीव दिसू लागते, कारण त्याचा डोळा हाताच्या पुढे गेलेला असतो. "सर, मला चित्र जमत नाही," हे वाक्य तुला पहिल्याच आठवड्यात ऐकायला मिळेल. ते आळसातून आलेले नसते, म्हणून त्यावर रागावू नकोस. अशा वेळी फळ्यावर एक सोपे चित्र काढून देण्याचा मोह शिक्षकाला होतो. मुले ते उतरवून घेतात, कागद नीटनेटका दिसतो, घरचे कौतुक करतात, आणि चित्र म्हणजे कोणीतरी आधी केलेले उतरवून घेणे, अशी समजूत मुलाच्या मनात कायमची बसते. ती समजूत काढून टाकायला पुढे फार कष्ट पडतात.

पहिल्या तासिकेला मुलांना "आपले गाव" हा विषय दे आणि काही न सांगता चित्रे काढू दे. बहुतेक कागदांवर दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्यामधून उगवणारा सूर्य, उतरत्या छपराची झोपडी, नारळाचे झाड आणि खाली वळणाची नदी येईल. मग वर्गाला बाहेर व्हरांड्यात ने आणि सातपुडा दाखव. तो उत्तरेला लांबवर आडवा पसरलेला आहे. त्यात तसा त्रिकोण कोठे सापडतो का, सूर्य त्याच्या मागून उगवतो का, असे विचार. गावातील जुनी घरे धाब्याची आहेत, त्यांना उतरते छप्पर नाही; उन्हाळ्याच्या रात्री ज्या धाब्यावर ही मुले झोपतात, ते त्यांच्या चित्रात एकदाही आलेले नसते. नारळाच्या जागी केळीचे बाग हवेत, बांधावर निंब हवा, फाल्गुनातला पळस हवा. कोणाचेही पहिले चित्र चुकीचे ठरवू नकोस. फक्त तोच विषय पुन्हा दे आणि दोन्ही कागद शेजारी शेजारी लाव. दुसऱ्या कागदावर रेघ कदाचित अधिक अडखळेल, पण ती त्या मुलाची असेल, आणि मला ती पहिल्या सफाईपेक्षा कितीतरी मोलाची वाटते.

वस्तुचित्राला भरपूर वेळ दे. पाहण्याची शिस्त याच पाठातून लागते, असे माझे पक्के मत आहे. सुरुवातीला एक तांब्या पुरतो. तो मुलांच्या डोळ्यांच्या पातळीवर धर आणि तोंडाची कड कशी दिसते ते विचार: ती सरळ आडवी रेघ दिसते. हळूहळू तांब्या खाली आण. ती रेघ उघडत जाऊन लंबवर्तुळ होते, आणि जमिनीवर ठेवलेल्या तांब्याचे तोंड वर्तुळाच्या बरेच जवळ जाते. मुलांना तोंड गोल असल्याचे ठाऊक असते, म्हणून ती तांब्या समोरून काढतात आणि तोंड मात्र वरून पाहिल्यासारखे गोल काढतात; बूड जमिनीला टेकलेले असल्याचे ठाऊक असते, म्हणून खालची कड सपाट काढतात, वास्तविक ती वरच्या कडेपेक्षा थोडी अधिकच गोलावलेली दिसते. हे तू नुसते सांगितलेस तर ते एका चित्रापुरते राहील. मुलाने स्वतः खाली वर होऊन पाहिले तर ते आयुष्यभर राहील. हात ताठ धरून, एक डोळा मिटून पेन्सिलीने उंची आणि रुंदी यांची तुलना करायला याच वेळी शिकव. खोडरबर पहिली पंधरा मिनिटे टेबलावर जमा करून ठेव, म्हणजे फिकट रेघांनी शोध घेण्याची सवय लागेल. पुढे भरताचे हिरवे वांगे, केळ्यांची फणी, पितळी डबा, सुपडे अशा घरातल्याच वस्तू आण. वांग्याच्या सालीवरची चकाकी कागद कोरा सोडून दाखवायची असते, हे ज्या दिवशी मुलाला उमगते त्या दिवशी छायाप्रकाशाचा निम्मा पाठ झालेला असतो.

मुलाच्या कागदावर आपली पेन्सिल कधीही चालवू नकोस. दाखवणे आवश्यकच असेल तर वेगळ्या कागदावर दाखव आणि तो कागद लगेच बाजूला कर. त्याऐवजी प्रश्न विचार: हँडल कोठून सुरू होते, सावली कोणत्या बाजूला पडली आहे, दोन वस्तूंमधल्या मोकळ्या जागेचा आकार कसा आहे. शेवटची काही मिनिटे राखून ठेव, सुतळीवर सर्व कागद टांग आणि मुलांना एकमेकांच्या चित्रांविषयी बोलू दे. "छान" आणि "वाईट" हे दोन शब्द त्या वेळेपुरते बाजूला ठेवायला सांग, म्हणजे त्यांना खरोखर काहीतरी पाहून बोलावे लागेल.

स्मरणचित्रात पाठ केलेल्या आकृत्यांचा सुळसुळाट झालेला तुला दिसेल. एकच छत्री घेतलेला माणूस आणि एकच घागर घेतलेली बाई पावसाच्या, जत्रेच्या आणि बाजाराच्या चित्रात फिरत असते. यावर उपाय एकच, आठवण्याजोगे काही मुलांनी आधी पाहिलेले असावे. तुझ्या भागात केळीची कापणी जवळपास वर्षभर चालू असते. घड खांद्यावर घेऊन चालणाऱ्या माणसाचे शरीर कोणत्या बाजूला झुकते, मोकळा हात कोठे जातो, पावले किती अंतरावर पडतात, हे रविवारी शेतात पाहून यायला सांग आणि सोमवारी काड्यांच्या आकृतीत ते काढून घे. कपडे, चेहरा, रंग नंतर. सातपुड्याच्या पायथ्याकडून येणाऱ्या पावरा आदिवासी मुलांना होळीआधीच्या भोंगऱ्या बाजाराचे चित्र काढायला दे. ढोल गळ्यात अडकवलेला माणूस कसा उभा राहतो, हे ती मुले तुला शिकवतील.

आणि येथे एक गोष्ट आग्रहाने सांगतो. शाळेची भिंत रंगवायची ठरली की आपल्याकडे हमखास वारली चित्रे निघतात आणि त्यांना सरसकट आदिवासी चित्रे म्हटले जाते. वारली ही पालघर, डहाणू, जव्हार परिसरातील वारली समाजाची परंपरा आहे आणि ती थोर आहे. पण तुझ्या वर्गातील पावरा, भिल्ल किंवा तडवी मुलांची ती परंपरा नव्हे. त्यांच्या घरातील चांदीच्या दागिन्यांची घडण, बांबूच्या टोपल्यांची वीण, होळीला नाचणाऱ्यांच्या डोक्यावरचे मोरपिसांचे टोप यांत संकल्पचित्राचे, म्हणजे नक्षीच्या रचनेचे, किती धडे आहेत ते पाहा. तसेच पोळ्याला मातीचे बैल घडवणारी आणि भुलाबाई बसवणारी मुले तुझ्या वर्गात आहेत. आपल्या घरातील आकार शाळेच्या भिंतीला चालतात, असे कळल्यावर मागच्या बाकावरचे एखादे अबोल मूल पुढे येते.

संकल्पचित्र म्हटले की वर्तुळात किंवा चौकोनात पाने-फुले बसवून पोस्टर कलर सपाट भरणे, एवढ्यावरच बहुधा थांबले जाते. पुनरावृत्ती, तोल आणि मोकळी जागा समजण्यासाठी ते जरूर कर. परंतु नववीपासून मुलांना उपयोगाच्या वस्तूकडे वळव. गावातील महिला बचत गट उडदाचे पापड आणि बिबडे विकत असेल, तर त्याच्या पाकिटाचे लेबल हा उत्तम विषय आहे. मुलांनी आधी जाऊन विचारावे: पाकीट कोण विकत घेते, दुकानात ते कोठे टांगलेले असते, किती अंतरावरून वाचले जाते, छपाईला किती रंग परवडतात. दोनच रंग परवडत असतील तर कोणते दोन, हा निर्णय घेताना मुले जितका विचार करतात तितका रंगचक्र पाठ करताना करत नाहीत.

अक्षरलेखन याच कामात आपोआप येते. रोमन ठळक अक्षरे चौकटींत मोजून बसवता येतात. देवनागरीत मात्र शिरोरेषेच्या वर वेलांटी आणि मात्रा, खाली उकार आणि ऋकार यांना जागा ठेवावी लागते, आणि ती आधी ठेवली नाही तर "कुरडई" लिहिताना पहिला उकार खालच्या ओळीत शिरतो आणि शेवटच्या "ई"चा वरचा भाग वरच्या कडेवर आदळतो. गावातील हाताने रंगवलेल्या जुन्या दुकानपाट्या मुलांना वहीत उतरवून आणायला सांग. त्यांत रंगाऱ्यांनी ही अडचण किती निरनिराळ्या रीतींनी सोडवली आहे, ते तुलाही पाहायला मिळेल.

रचनेचा हा विचार आपल्या मातीला परका नाही. तुझ्याच तालुक्यातील फैजपूरला डिसेंबर 1936 मध्ये काँग्रेसचे अधिवेशन भरले, खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. त्याच्या सजावटीसाठी गांधीजींनी शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस यांना बोलावले आणि त्यांनी बांबूसारख्या जवळपास मिळणाऱ्या साहित्यातून ते काम उभे केले. मुलांना हे सांग आणि मग शाळेच्या स्नेहसंमेलनाचा मंच थर्माकोल न वापरता, कापसाच्या पऱ्हाट्या, बांबू, केळीची सुकलेली पाने आणि गोणपाट यांतून उभा करायला लाव. चाळीसगावचे छायाचित्रकार केकी मूस (1912–1989) यांच्याविषयीही सांग. टेबलावर साध्यासुध्या वस्तूंची मांडणी करून ते असे छायाचित्र घेत की ते एखादे विस्तीर्ण निसर्गदृश्य वाटे. वाळू, खडे, वाळक्या काटक्या आणि एक मोबाईल एवढ्यावर हा प्रयोग वर्गात करता येतो. चौकटीत काय घ्यायचे आणि काय बाहेर ठेवायचे, याचा त्याहून चांगला पाठ मला ठाऊक नाही.

सहल अजिंठ्याला ने. जळगावहून लेणी साधारण साठ किलोमीटरवर आहेत आणि सोमवारी ती बंद असतात, हे ध्यानात ठेव. सर्व लेणी एका दमात पाहण्याचा प्रयत्न करू नकोस. पहिल्या आणि दुसऱ्या लेण्यातच बराच वेळ थांब. बोधिसत्त्व पद्मपाणीच्या चित्रासमोर मुले आपोआप उभी राहतात, छताकडे मात्र त्यांना तू वळव. छतावर लहान लहान चौकटींत कमळे, फळे, पक्षी भरलेले आहेत. प्रत्येकाने एक चौकट निवडावी आणि कोपरा कसा भरला आहे, देठ कोठे वळवला आहे, एवढेच टिपून घ्यावे. मुंबईच्या कलाशाळेचे ग्रिफिथ्स 1872 पासून आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन येथे कित्येक हंगाम चित्रांच्या नकला करत बसले होते. आपण एक चौकट तरी नीट पाहावी.

तेथील रंगांविषयी बोललास की साहित्याच्या तक्रारीचेही उत्तर मिळते. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी आणि पांढरी माती यांवर तेथील बहुतेक काम झाले आहे; निळा तेवढा बाहेरून आणलेल्या दगडाचा. सगळ्यांकडे रंगपेटी नसेल, आणि ती आणली नाही म्हणून कोणाला वर्गाबाहेर उभे करू नकोस. बाभळीचा डिंक रात्रभर भिजवून फडक्यातून गाळ, त्यात वस्त्रगाळ केलेला गेरू घोट, चांगला रंग होतो. डिंक कमी पडला तर वाळल्यावर रंग बोटाला लागतो, जास्त झाला तर चकाकतो आणि तडकतो. योग्य प्रमाण मुलांनाच शोधू दे. रंगकामात एखादा मुलगा लाल आणि हिरवा सतत अदलाबदल करत असेल तर त्याला निष्काळजी म्हणू नकोस. काही जणांना, विशेषतः मुलग्यांना, हा फरक जन्मतःच दिसत नाही. त्याला गडद आणि फिक्या छटांवर काम दे आणि रंगांच्या बाटल्यांवर नावे लिहून ठेव.

कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांबद्दल तुझ्या मनात शंका आहे. मुलांना त्यांना अवश्य बसव. इंटरमिजिएटच्या श्रेणीनुसार दहावीला 7, 5 किंवा 3 वाढीव गुण मिळतात आणि गरीब घरातील मुलाला त्यांचे मोल आहे. शिवाय ठरावीक वेळेत काम पुरे करण्याची सवय लागते. फक्त परीक्षा जवळ आली म्हणून तयार आकृत्या पाठ करून घेऊ नकोस. वर सांगितलेल्या पद्धतीने शिकलेले मूल या परीक्षेत मागे पडत नाही, हे मी अनेक वर्षे पाहिले आहे.

फलकलेखन, रांगोळी, प्रमाणपत्रांवर नावे लिहिणे ही कामे तुझ्याकडे येतील, ती आनंदाने कर. पण तुझी तासिका गणिताला किंवा इंग्रजीला मागितली गेली तर मुख्याध्यापकांना आदराने आणि स्पष्टपणे नाही म्हण, आणि नाही म्हणताना मुलांच्या फायली त्यांच्यासमोर ठेव. त्यासाठी प्रत्येक मुलाची फाईल जूनपासूनच तयार असली पाहिजे, कागदामागे तारीख घातलेली. दिवाळीच्या सुट्टीत जळगावला येशील तेव्हा त्यांतल्या काही फायली घेऊन ये. चांगल्या निवडून आणू नकोस, हजेरीपटावरच्या पहिल्या काही मुलांच्या आण, म्हणजे त्या पाहून दुसऱ्या सत्राचे नियोजन आपण एकत्र बसून करू.

तुझे सर