डॉक्टरांना भेट मिळालेल्या चिनी चित्रातील वाघाचा अर्थ काय, आणि ते फ्रेम करावे का?

आपल्या सासऱ्यांना चिनी रुग्णाने दिलेल्या गुंडाळीच्या चित्रात फुललेली झाडे, दाढीवाला वृद्ध आणि वाघ आहे, असे आपण लिहिले आहे. ती झाडे बहुधा जर्दाळूची आणि तो वृद्ध म्हणजे तिसऱ्या शतकातील वैद्य दोंग फंग. लू पर्वतावर राहणारा हा वैद्य पैसे घेत नसे. मोठे दुखणे बरे झाले तर रुग्णाकडून जर्दाळूची 5 झाडे लावून घेई आणि किरकोळ असेल तर 1. पुढे त्या वनातील फळांच्या बदल्यात लोकांनी तेवढेच धान्य ठेवायचे, ते गोरगरिबांना जायचे, आणि जो लबाडीने जास्त फळे नेई त्याच्यामागे वाघ लागे, अशी कथा आहे. (वृद्ध वाघाच्या घशातील हाड काढत असेल, तर मात्र तो चीनच्या थांग राजवटीच्या काळातील वैद्य सुन सिमियाओ.)

फ्रेम करू नका. माझे यजमान सिंगापूरला अस्थिरोगतज्ज्ञ असताना त्यांना असेच चित्र मिळाले होते. पुण्यात परतल्यावर माझ्या दिरांनी, भिंतीवर कॅलेंडरासारखे लोंबते काही नको म्हणून, ते परस्पर फ्रेमवाल्याकडे दिले. त्याने खालचा लाकडी दांडा काढला, रेशमी पट्टी कापली, चित्र प्लायवर पक्क्या गोंदाने चिकटवले आणि मापात बसेना म्हणून उजवी कडही छाटली. त्या कडेला बारीक अक्षरांच्या एका उभ्या ओळीत यजमानांचे नाव चिनी उच्चारात बसवून लिहिलेले होते. आता तिथे अक्षरांच्या डाव्या अंगाच्या काड्या तेवढ्या उरल्या आहेत. चित्रकाराचा लाल शिक्का मात्र सहीसलामत आहे! “एक ओळच गेली ना, चित्र तर शाबूत आहे,” हे दिरांचे म्हणणे आजही कायम आहे.

मला ते मुळीच मान्य नाही. वैद्याची चित्रे चीनमध्ये पुष्कळ आहेत. तैपेईच्या राजवाडा संग्रहालयात ली थांग या सोंग राजवटीच्या काळातील चित्रकाराच्या नावावर असलेल्या चित्रात खेडवळ वैद्य रुग्णाच्या पाठीला डाग देत आहे आणि नातेवाइकांनी दाबून धरलेला तो रुग्ण तोंड वासून ओरडत आहे. चित्र अप्रतिम आहे, पण तो वैद्य कोण, हे कोणालाच ठाऊक नाही. भेट दिलेल्या चित्रात सन्मान असतो तो त्या नावाच्या ओळीत; वाघ काय, बाजारात हवे तितके मिळतात.

पारंपरिक चित्रामागचा कागद गव्हाच्या खळीने लावलेला असतो, त्यामुळे जाणकार तो पाण्याने सोडवून पुन्हा बसवू शकतो. पक्क्या गोंदाचे तसे होत नाही. म्हणून चित्र काही दिवस टांगावे आणि एरवी गुंडाळून ठेवावे. अर्थात, आपण कोकणात राहत असाल आणि दमट हवेमुळे काच अटळच असेल, तर न कापता, न चिकटवता, काच आणि कागद यांत अंतर ठेवणारी खोल पेटी करून घ्यावी. किमतीचे मला विचारू नका. आमचे छाटलेले चित्र “शाबूत” असल्यामुळे दिरांनीच आपल्या दिवाणखान्यात लावावे, असे मी सुचवले होते. ते मात्र त्यांना नको आहे.